जिच्या पाठीवरून गेला

१

टोलम बेटाला धक्का नाही. कधीच नव्हता. गोट्यांचा किनारा, त्यापुढे थंडगार पाणी आणि त्या पाण्यात डुलणारी होडी. मासेमारीला निघालेल्या पुरुषाचे पाय निघतानाच भिजले, तर तो दिवसभर ओल्या बुटांत कुडकुडणार आणि आठवड्याने खोकत अंथरूण धरणार. म्हणून टोलमच्या बायका घागरे वर खोचतात, नवऱ्याला पाठुंगळी घेतात आणि मांडीभर पाण्यातून चालत जाऊन होडीत सोडतात. बायकोची पाठ हाच आमचा धक्का, असं पुरुष गमतीने म्हणत. बायकांना त्यात फारशी गंमत दिसत नसे, पण आजवर कोणी नाही म्हटलं नव्हतं.

परतीची रीतही ठरलेली होती. जिच्या पाठीवरून गेला, तिच्याच पाठीवर परत. होडी आली की बाई पाण्यात शिरायची, समुद्राकडे पाठ करून आणि किनाऱ्याकडे तोंड करून उभी राहायची आणि पुरुष होडीच्या काठावरून तिच्या पाठीवर यायचा. कोण बसलं हे कोणी वळून बघत नसे. संसाराला दोन-तीन वर्षं झाली की पाठीलाच माणूस कळतो.

ऑइरिकला तोरकिल असाच पाठीने कळत होता. उंच, हाडापेराने मोठा आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. पाठीवर बसल्या बसल्या तिच्या कानात म्हणायचा, "घोडे, जरा बेताने. रात्रीचा हेरिंग मासा अजून पोटात पोहतोय." ती दात-ओठ खाऊन म्हणायची, "सोडू का इथंच? तूही पोह त्याच्यासोबत." पाण्यात हसता येत नाही, तोल जातो, हे माहीत असूनच तो बोलायचा.

तो नौदलाचा राखीव खलाशी होता. बेटावरचे बरेच तरुण तसेच होते. हिवाळ्यात मासेमारी थंडावली की स्टॉर्नोवे बंदरात जायचं, महिनाभर तोफांची कवायत करायची, निळी टोपी मिरवत परत यायचं. लढाई होईल असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. चौदा सालच्या ऑगस्टमध्ये लढाई पेटली आणि बोलावणं आलं, तेव्हा ऑइरिकला आठवा महिना लागला होता.

सासूने, म्हाताऱ्या गोर्मलने, तिला पाण्यात उतरू दिलं नाही. ऑइरिकची धाकटी बहीण बेहाक तिथेच उभी होती, बिनलग्नाची, धडधाकट. गोर्मल म्हणाली, "तू ने गं याला. कोणीतरी न्यायलाच हवं." बेहाकने घागरा खोचला. तोरकिल तिच्या पाठीवर बसला, होडीजवळ पोचता पोचता तिच्या कानाशी काहीतरी बोलला आणि दोघं हसली. काय बोलला ते ऑइरिकने बहिणीला कधी विचारलं नाही. विचारावंसं मात्र रोज वाटलं.

२

पुढच्या वसंतात तार आली. जहाज सुरुंगावर आदळून बुडालं होतं, तोरकिल बेपत्ता होता आणि बुडाला असावा असं समजण्यात येत होतं. तार घेऊन चर्चमधले वडीलधारे फिनलाकाका आले. त्यांनी टोपी काढूनच दार ठोठावलं, त्यामुळे तार वाचायची गरजच उरली नाही.

प्रेत नाही, थडगं नाही. टेकडीवरच्या चर्चमध्ये दर रविवारी फिनलाकाका प्रार्थनेत बुडालेल्यांची नावं घेत. तोरकिलचं नाव आलं की ऑइरिक डोळे मिटायची आणि पाठ ताठ करायची. मांडीवर मार्साली असायची, बापाने कधी न पाहिलेली पोर. घरी सासूचं सुरूच असायचं. म्हातारीचे डोळे चुलीच्या धुराने जवळजवळ गेले होते, जीभ तेवढी शाबूत होती. सगळ्यांच्या बायकांना स्वप्नात तरी दिसतात नवरे, आमच्या सुनेला तेही नाही, म्हणायची. "माझा पोरगा असा वाट विसरणारा नव्हता. त्याला घ्यायलाच कोणी गेलं नसेल."

हे बोलणं ऑइरिकला काट्यासारखं सलायचं, कारण खरोखरच तिला एकदाही तोरकिल स्वप्नात दिसला नव्हता. रोज संध्याकाळी ती त्याला आठवायची. त्याचा आवाज, त्याचे थंड कान, पाठीवरचा त्याचा भार. दोन वर्षांत यातलं काय काय झिजत चाललंय, हे तिचं तिलाच कळत होतं. तेवढाच तोरकिल तिच्याकडे उरला होता आणि तोही हातातून निसटत होता.

बेहाक आईबापांच्या जुन्या घरात, अगदी किनाऱ्यालगत, एकटी राहायची. गेल्या हिवाळ्यापासून ती वाकली होती. आधी खांदे, मग कंबर. तिशीही न गाठलेली पोरगी म्हातारीसारखी जमिनीकडे बघत चालायची. शेताच्या खतासाठी समुद्रातल्या शेवाळाच्या टोपल्या वाहून हे झालं, असं बायका म्हणायच्या. ऑइरिकही तेच म्हणायची. टोपल्या तर ती स्वतःही वाहत होती, पण तेवढा विचार कोण करतो.

३

टोलमवर रविवारी कोणी काही करत नाही. पाणी शनिवारी भरून ठेवायचं, बटाटे शनिवारी सोलायचे. कोंबडासुद्धा काही घरांत टोपलीखाली कोंडला जायचा, त्याच्या हातून पाप घडू नये म्हणून. विहिरीवर बादली वाजली, तर सोमवारी सगळ्या बेटाला ठाऊक व्हायचं.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी मार्सालीला ताप होता, म्हणून ऑइरिक प्रार्थनेला गेली नाही. पोरीचा डोळा लागला तशी ती दारात आली. बेट सुनं होतं. टेकडीवरून स्तोत्राचा सूर तेवढा येत होता, एकाने ओळ सांगायची आणि बाकीच्यांनी ती लांबवत न्यायची. तीन-चार दिवस पाऊस नव्हता. वाट कोरडी ठणठणीत होती.

आणि त्या कोरड्या वाटेवरून एक ओली रेघ गेली होती. गोट्यांच्या किनाऱ्यापासून सुरू होऊन थेट बेहाकच्या दारापर्यंत.

इतर दिवशी तिने त्याकडे पाहिलंही नसतं. शेवाळ असतं, मासे असतात, दिवसभर सगळी वाट ओलीच असते. पण आज रविवार होता. ती खाली उतरली. रेघेत अनवाणी पावलं होती, बाईची, एकाच माणसाची. टाचांचे ठसे रुंद, दाबलेले होते. पाठीवर ओझं असलं की असेच उमटतात, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

पहिल्यांदा तिला लाज वाटली. सख्खी बहीण रविवारी शेवाळ आणते, कोणी पाहिलं तर? मग तिने बेहाकच्या अंगणात डोकावलं. शेवाळ नव्हतं. टोपली भिंतीला टेकून उभी होती आणि तळापर्यंत कोरडी होती.

४

पुढच्या रविवारी काही दिसलं नाही. बेहाक चर्चला आली होती, शेवटच्या बाकावर, जाड शाल पांघरून. त्याच्या पुढच्या रविवारी तिची जागा रिकामी होती. पाठ दुखतेय म्हणून निरोप पाठवला होता.

ऑइरिकच्या डोक्यात चक्रं फिरू लागली. ओहोटीची वेळ रोज पुढे सरकते. एका रविवारी भर दुपारी ओहोटी असली, तर पुढच्या रविवारी त्याच वेळी भरती असते. भरतीला गोट्यांपाशीच गळाभर पाणी, तिथे उभंही राहता येत नाही. बेहाक एका आड एक रविवारी चर्च चुकवत होती आणि ते सगळे रविवार दुपारच्या ओहोटीचे होते.

ओहोटीला पाण्यातून कोणाला आणायचं असतं? माणसाला.

मग ती विचार करत गेली आणि प्रत्येक विचार आधीच्यापेक्षा वाईट निघाला. बेपत्ता म्हणजे मेलेला नव्हे. जहाज बुडालं, माणूस पोहत निघाला, परत लढाईवर जायचं नाही म्हणून लपून राहिला, असं घडतच नाही का? पकडला गेला तर शिक्षा होईल, म्हणून पलीकडच्या निर्मनुष्य खडकांत राहायचं आणि सगळं बेट चर्चमध्ये असताना कोणाची तरी होडी घेऊन यायचं. इथवर सगळं पटत होतं. पुढचं पटत होतं म्हणूनच सोसत नव्हतं. तो येत होता आणि तिच्याकडे येत नव्हता. ती त्याच्या नावाने डोळे मिटून बसायची, तेव्हा तो तिच्या बहिणीच्या चुलीपाशी पाय शेकत असायचा.

होडीजवळ दोघं हसली होती, त्या हसण्याचा अर्थ तिला आत्ता लागला, असं तिला वाटलं. तिच्या पाठीत कळ उठली.

५

त्यानंतरच्या ओहोटीच्या रविवारी ती मार्सालीला सासूपाशी ठेवून चर्चसाठी निघाली आणि वळणावरून परत फिरली. ओली रेघ वाटेवर होतीच. आज तर इतकं पाणी सांडलं होतं, की आंधळ्यालाही माग काढता आला असता.

बेहाकच्या दाराला तिने कान लावला. आत पाणी ठिबकत होतं आणि बेहाक हलक्या आवाजात कोणाशी तरी बोलत होती. चिडून नाही. हट्टी पोराला समजवावं तशी.

"उतर आता. घर आलं. उतर."

ऑइरिकने दार ढकललं.

आत बेहाक एकटीच होती. चुलीसमोरच्या बुटक्या चौरंगावर गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. अंगावर तीच जाड शाल. शालीखाली तिची पाठ नेहमीपेक्षा उंच दिसत होती. शालीच्या काठांतून पाणी गळत होतं आणि चुलीची धग एवढी असूनही तिच्याभोवतीचं थारोळं वाढतच होतं. ऑइरिकने पेटीपलंगात पाहिलं, गाईच्या गोठ्यात पाहिलं, दाराआड पाहिलं. कोणी नव्हतं.

"कुठे आहे?"

बेहाकने मान वर केली नाही.

"तोरकिल येतो ना तुझ्याकडे?"

"येतो," बेहाक म्हणाली.

"कधीपासून?"

"गेल्या हिवाळ्यापासून. मी शेवाळ गोळा करत होते, समुद्राकडे पाठ होती. पाठीवर कोणीतरी आलं."

म्हणजे जिवंत नाही. ऑइरिकला हे कळलं आणि नवल म्हणजे तिला भीती वाटली नाही, रागच आला. जिवंत असता तर निदान त्याला चार शिव्या तरी देता आल्या असत्या.

"आणि तू मला सांगितलं नाहीस. दोन घरं सोडून मी रडत बसले होते, ते दिसत होतं ना तुला?"

"तू नेलं नव्हतंस त्याला, ताई. मी नेलं होतं."

हे ऐकून ऑइरिकचा हात उठला. ओल्या शालीपाशी आला आणि थांबला, का ते तिला सांगता आलं नसतं. शालीतून गार वाफ येत होती, विहिरीच्या तळातून येते तशी.

"नवरा माझा आहे," ती म्हणाली. "पोर त्याची माझ्या घरात आहे. माझा मला दे."

"मग घे," बेहाक म्हणाली. फार चटकन म्हणाली, पण ते ऑइरिकच्या नंतर लक्षात आलं. "पंधरा दिवसांनी ये. ओहोटी ऐन तळाला गेली की. दोघी पाण्यात उभ्या राहू."

६

त्या रविवारी सकाळी ऑइरिकने सासूला सांगितलं की आज तुमच्या मुलाला घरी आणते. आपल्याला वेड लागलं असं म्हातारी म्हणेल, अशी तिची तयारी होती. गोर्मल नुसती चाचपडत उठली, पेटीतून तोरकिलचा सदरा काढला आणि चुलीजवळ ऊब द्यायला पसरला.

"भुकेला असेल," ती म्हणाली. "जवाच्या चार भाकऱ्या जास्त करायला हव्या होत्या काल."

दुपारी टेकडीवर स्तोत्र सुरू झालं, तेव्हा दोघी बहिणी मांडीभर पाण्यात होत्या. खांद्याला खांदा लावून, तोंड किनाऱ्याकडे. थंडीने ऑइरिकच्या पायांना कळा लागल्या. बेहाक कमरेतून पार वाकली होती, तिचे केस पाण्याला टेकत होते. जाड शाल तिने किनाऱ्यावरच काढून ठेवली होती. ऑइरिकला तिच्याकडे बघावंसं वाटलं नाही. रीत तशीच होती, बघायचं नसतं, असं तिने स्वतःला बजावलं.

"वाक," बेहाक म्हणाली. "आणि हात मागे घे. नेहमी घेतेस तसे."

ती वाकली. हात मागे नेले. समुद्र अगदी शांत होता. होडी नव्हती, वल्ह्याचा आवाज नव्हता. मग शेजारी बेहाकच्या तोंडून एक हुंकार निघाला, जड टोपली उतरवताना निघतो तसा. आणि ऑइरिकच्या गळ्याभोवती दोन हात आले. समुद्राकडून नाही, बाजूने आले. बहिणीच्या अंगावरून.

भार पडला. तिचे गुडघे मोडायला आले, तरी ती उभी राहिली. आतून उमाळा दाटून आला. आला, शेवटी माझ्याकडे आला. तिने सवयीने हात मागे सरकवून त्याचे गुडघे धरले. ते कोंबडीच्या पायासारखे बारीक होते. एवढ्या बारीक अंगाचं एवढं वजन कसं, असं तिच्या मनात आलं आणि मनच उत्तरलं, दोन वर्षं पाण्यात माणूस झिजणारच. तोरकिल नेहमी खांद्यांना धरायचा, गळ्याला कधीच नाही. बुडणारा माणूस जिथे हात पोचेल तिथे धरतो, हेही मनच म्हणालं.

"बोल की काहीतरी," ती पुटपुटली. "घोडी म्हण."

कानाशी श्वास नव्हता. पाणी तेवढं ठिबकत होतं.

शेजारी बेहाक सरळ होत होती. कंबर, मग खांदे, मग मान. वर्षभरात पहिल्यांदाच ती आकाशाकडे बघत होती आणि रडत होती.

"हा तोरकिलच ना?" ऑइरिकने विचारलं.

बेहाक पाण्यातून भराभर बाहेर निघाली होती. गोट्यांवर पोचल्यावर ती थांबली, पण जवळ आली नाही.

"पहिल्या दिवशी मलाही वाटलं होतं," ती म्हणाली. "इतका आनंद झाला होता, ताई, की तुला सांगवलं नाही. नंतर कळलं. कोण आहे ते नाही कळलं, तो नाही एवढं कळलं. आणि हे उतरत नाही. रविवारच्या दर ओहोटीला पाण्यात उभी राहिले, सोडून बघितलं, उतरत नाही. स्वतःहून घेणारी दुसरी पाठ लागते."

"वाटेवर पाणी..."

"मुद्दाम सांडत होते. आधी थोडं, मग जास्त. दुसरं कोण माग काढत आलं असतं? तुझ्याइतकी वाट कोण बघत होतं?"

केसाने गळा कापणं म्हणतात ते हे, ऑइरिकला वाटलं. ओरडायला तिने तोंड उघडलं, पण गळ्याभोवतीची पकड जराशी आवळली आणि आवाज निघाला नाही. बेहाकने घागरा सोडला आणि ती ताठ मानेने चालू लागली. एकदाही मागे न बघता ती घरात गेली.

७

वर जाणारी वाट ऑइरिक कशी चढली, हे तिला कळलं नाही. दोनदा ती दगडांवर गुडघे टेकून थांबली. खाली बघूनच चालावं लागत होतं. तरीही मनाचा एक कोपरा हट्ट सोडत नव्हता. बेहाकने तर दगाच दिला. खोटंही बोलत असेल. जाता जाता माझा आनंद नासवायला बोलली असेल. ती बाई त्याला काय ओळखणार, एकदाच तर नेलं होतं तिने. त्याची आई ओळखेल. आई कधी चुकत नाही.

दारात मार्साली उभी होती. आईला बघताच तिने रोजच्यासारखे दोन्ही हात वर केले. मग तिची नजर आईच्या डोक्यावरून वर गेली आणि तिने हात हळूहळू खाली घेतले. रडली नाही. आजीच्या पायांमागे गेली.

गोर्मल उंबऱ्याशी आली. तिच्या हातात ऊब दिलेला सदरा होता.

"आई," ऑइरिक कसंबसं म्हणाली, "आणलाय. बघा."

"मला कुठलं दिसतंय, सूनबाई. वाक जरा."

ती आणखी वाकली. म्हातारीने हात सुनेच्या खांद्यावरून पुढे नेला. ऑइरिकला तिचा चेहरा अगदी जवळ दिसत होता, मिटलेले डोळे, हसू फुटू पाहणारे ओठ. हात हवेत थांबला, कशाला तरी लागला. बोटं हळूहळू फिरली, कपाळावरून फिरवावीत तशी, गालांवरून फिरवावीत तशी. मग जिथे तोंड असायला हवं तिथे आली आणि थबकली. आत शिरली. बरीच आत.

म्हातारीच्या ओठांवरचं हसू गेलं. तिने हात मागे घेतला आणि घागऱ्याला पुसला, एकदा, पुन्हा एकदा. सदरा छातीशी धरला.

"हा आमचा नाही," ती म्हणाली.

"आई, मी तुमची आहे ना. मला तरी आत घ्या."

गोर्मलने नातीला आत ओढलं. दार लागलं आणि आतून अडसर पडल्याचा आवाज आला. पलीकडे म्हातारी मोठ्याने प्रार्थना म्हणू लागली, ऑइरिकला काही ऐकू येऊ नये म्हणून की तिचं काही आपल्याला ऐकू येऊ नये म्हणून, कोण जाणे.

ऑइरिक भिंतीला टेकून बसू लागली, पण बसता येईना. पाठीवर होतं. पायाशी पाणी साठत होतं आणि उतारावरून वाटेकडे ओघळत होतं. टेकडीवरचं स्तोत्र थांबलं होतं. चर्चचं दार उघडलं आणि माणसं खाली येऊ लागली. पुरुष थोडे, सगळे म्हातारे. बायका पुष्कळ, काळ्या शालीतल्या, एकमेकींना धरून चालणाऱ्या. त्यांतल्या निम्म्या जणींची माणसं समुद्रात राहिली होती. एक बाई, नवऱ्याचं नाव निघालं की, अजूनही उठून दाराकडे बघायची. दुसरी रोज ओहोटीला किनाऱ्यावर जाऊन उभी राहायची.

ऑइरिकने मोठ्या कष्टाने मान वर केली आणि त्यांचे चेहरे एकेक करून न्याहाळू लागली.